गाऱ्हाण्यातली गाडी

जनीला उडवून गेलेली गाडी कुणाचीच नव्हती. सगळ्या करंजवेळ गावाला विचारून झालं, कुणी म्हणून ती पाहिली नव्हती. चांगलं ऊन वर आलेलं, पिंपळाच्या वळणावर डोक्यावर तारल्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी बाई कडेकडेनं वरच्या वाडीला निघालेली. ती उडून कडेच्या दगडी गडग्यावर आपटते, पाटी एकीकडे, ती एकीकडे, रस्ताभर चांदी सांडावी तशी मासळी पसरते, आणि गाव म्हणतं, आम्ही तिकडे नव्हतो बुवा.

मनिषाचा राग त्या न पाहण्यावर नव्हता. नसेल पाहिली. माणसं आंब्याच्या बागेत असतात, होड्यांवर असतात, चुलीपुढे असतात. तिचा राग होता तो न ऐकण्यावर.

कारण त्या गावात एकच गाडी अशी होती की तिला पाहावंच लागत नसे. आंब्याचे बागायतदार दत्तात्रेय अण्णा, त्यांच्या पोराची, अपूर्वची. चाकांवर अगदी खाली बसवलेली, काचांना काळी फिल्म, पुढे समोरच्याचे डोळे दिपवणारे पांढरे दिवे, नंबरपट्टीवरचे आकडे असे वेलबुट्टीसारखे वळवलेले की वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तिचा सायलेन्सर. पाय दाबला की बंदुकीचे बार निघावेत तसा आवाज. गाडी हातखंब्याहून गावच्या फाट्याला वळली की खालच्या वाडीतली गुरं दावी ताणायची, पाळण्यातली पोरं दचकून उठायची आणि म्हातारे घरातलं माणूस गेल्यासारखे छातीवर हात ठेवायचे. त्या आवाजाला शिव्या घातल्याशिवाय गावाचा एक दिवस जात नव्हता. त्या सकाळी मात्र सगळं गाव एकाएकी बहिरं झालं.

जनी ही मनिषाची मावशी. मनिषाचे वडील होडीसकट समुद्रात राहिले तेव्हा मनिषा शाळेत होती आणि सर्वेश तर अंगावरच पीत होता. आई गुणवंती बंदरावर मासळी घ्यायची, मावशी ती डोक्यावरून दारोदार विकायची. दोघी बहिणींनी मिळून दोन पोरं वाढवली. मनिषा पोलिसात गेली, वाहतूक शाखेत हवालदार झाली. सर्वेशनं हातखंब्याला महामार्गाच्या कडेला गॅरेज टाकलं. जागा दत्तात्रेय अण्णांची. मावशी पाटी सोडायला तयार नव्हती. "पाटी डोक्यावर नसली तर मान हलते गो माझी," म्हणायची.

आता ती पडवीत बाजेवर पडून होती. मागून धक्का बसला, यापलीकडे तिला काही आठवत नव्हतं. मांडीत सळई घातलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालतील हळूहळू, पण डोक्यावर वजन घेऊन नाही.

हातखंब्याच्या तिठ्यावर मनिषाची नोकरी. आवाज चढवणं तिला येतच नसे. रोज सकाळी देवापुढे दिवा लावून, ग्रामदेवी जुगाईचं नाव घेऊन ती बाहेर पडायची, संकष्टी असो की सोमवार, उपास मोडायचा नाही. रस्त्यावर तिचं एकच वाक्य असे, "दादा, गाडी जरा बाजूला घ्या." ट्रकवाले तिला ताई म्हणायचे. तिनं अपूर्वची गाडी एकदा नाही, चांगली दोन-चारदा बाजूला घेतली होती. काळी फिल्म, दिवे, नंबरपट्टी, सायलेन्सर, सगळ्याचा दंड रीतसर लावला होता. तो काच अर्धी खाली करून हसत भरायचा.

"मॅडम, सायलेन्सर तुमच्याच भावानं बसवलाय. घरी गेल्यावर त्याला विचारा की, कायद्यात बसतो का ते."

मागे चहाच्या टपरीवर हशा पिकायचा. "भाऊ बसवतो आणि बहीण पकडते," टपरीवाला बाबल्या म्हणायचा. "एका घरात दोन धंदे. जुगाईचीच कृपा."

मनिषानं सर्वेशला विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक सांगतं ते मी बसवतो. मी नाही बसवला तर चिपळूणचा बसवेल. आणि जागा कुणाची आहे, तुला ठाऊक नाही का?"

मग मोहीम आली. बदललेले सायलेन्सर जप्त करायची. ठाण्याच्या साहेबांनी मैदानावर रोडरोलर मागवला, ओळीनं सायलेन्सर मांडले आणि त्यावरून रोलर फिरवला. पेपरात फोटो आला. मनिषा त्या फोटोत कडेला उभी होती. रोलरखाली गेलेले सगळे सायलेन्सर मोटारसायकलींचे होते. मासळी लिलावाच्या हमालाच्या पोराचे, कॉलेजच्या पोरांचे, एका पानवाल्याचा. अपूर्वच्या गाडीचा त्यात नव्हता. मनिषानं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "चारचाकीचं आपण पुढच्या टप्प्यात घेऊ."

पुढच्या टप्प्याच्या आधी जनीमावशी गडग्यावर आपटली.

त्यानंतरचं सगळं इतकं नीटनेटकं झालं की मनिषाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आरटीओचा माणूस अण्णांच्या अंगणात जाऊन गाडी बघून आला. गाडी कंपनीतून निघाली तशी. सायलेन्सर मूळचा, काचा स्वच्छ, नंबरपट्टी शाळेच्या फळ्यासारखी वाचता येणारी. पुढचा बंपर नवाकोरा, तेवढं एक. अण्णा म्हणाले, बागेच्या फाटकावर घासला होता, बदलला. सर्वेश म्हणाला, "माझ्याकडे नाही आणली ताई. रत्नागिरीत कुठंतरी केली असेल."

साहेबांनी मनिषाला बोलावून खुर्ची दिली. "तुझी मावशी आहे, मला कळतं. पण कुणीतरी एक जण बोलायला हवा ना? मी आवाजावर गुन्हा लावू का? शिमग्याचा बंदोबस्त संपला की अज्ञात वाहन म्हणून अहवाल पाठवतो. तोवर कुणी आलं तर घेऊन ये."

मनिषा घरोघर गेली. वर्दीत नाही, साडीत. सगळ्यांनी पाट दिला, पाणी दिलं.

"आमी त्या येळंला मागल्या दारी होतो बाय."

"ऐकू कमी येतं आताशा."

वरच्या वाडीतल्या तुळसाकाकूनं, जिच्या घरासमोरच पिंपळ होता, मनिषाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझा मुकुल अण्णांच्या आंब्याच्या कॅनिंगमध्ये नोकरीला लागलाय गो यंदा." तेवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मनिषाला त्या पाण्याचाही राग आला.

अशा रागात शिमगा आला.

करंजवेळची रीत अशी. जुगाईची पालखी घरोघर फिरते आणि ज्या घरी जाते तिथे अंगणात पाटावर बसते. घरची कर्ती व्यक्ती नारळ हातात घेऊन गुरवाच्या कानात आपलं सांगणं सांगते, आणि गुरव ते मोठ्यानं देवीपुढे मांडतो. गाऱ्हाणं घालतो. कुणाचं पोर परीक्षेला बसलेलं, कुणाची होडी काढायची, कुणाच्या घरात लग्न अडलेलं. प्रत्येक बोलाला जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं, आणि त्यावर ढोलाची एक थाप पडायची. थाप पडली की तो बोल देवीनं ऐकला. पहिला "होय" मानकऱ्याचा, तोही पालखीच्या दांडीवर हात ठेवून. घरानं जे सांगितलं त्यात गुरवानं अक्षर बदलायचं नाही, आणि गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय पालखी उठवायची नाही. आजवर कुणी बदललं नव्हतं आणि कुणी उठवली नव्हती.

मानकरी दत्तात्रेय अण्णा. गुरव मोरूकाका. ढोल सर्वेशचा. बापाच्या माघारी तो त्याच्या गळ्यात आला होता आणि गावात त्याच्यासारखी थाप कुणाची पडत नव्हती.

मनिषाच्या अंगणात पालखी आली ती दुपार कलताना. आज तिची रजा होती. पालखी दारातून जाईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही हा तिचा दरवर्षीचा नेम. अंगण सारवलं होतं, रांगोळी होती, आई गुणवंती ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. पडवीतल्या बाजेवर मावशीला उशांना टेकवून बसवलं होतं, देवीचं तोंड दिसावं म्हणून.

वरची वाडी, खालची वाडी, सगळे आले. पोरांनी पालखी नाचवली. अपूर्व सगळ्यात पुढे, डोक्याला भगवी पट्टी, एका हातात फोन उंच धरून सगळं टिपत होता. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आज मांजरासारखी आली होती. बंदोबस्ताला आलेले साहेब आंब्याखाली खुर्चीत बसून कोकम सरबत पीत होते. अण्णांनीच त्यांना खुर्ची द्यायला लावली होती.

"काय मनिषा मॅडम," अपूर्व जाता जाता म्हणाला, "आज पालखीला पण दंड का? पीयूसी नाही तिच्याकडे."

दोन-चार पोरं हसली. मनिषा हसली नाही. ती म्हणाली, "पालखी कडेनं चालते. आणि कुणाला लागलं तर थांबते."

पालखी पाटावर बसली. अण्णांनी दांडीवर हात ठेवला. मनिषानं नारळ घेतला आणि मोरूकाकांपाशी गेली. काकांनी सवयीनं कान पुढे केला. दरवर्षी तिचं सांगणं तेच, आईला सुख, भावाला बरकत. यंदा ती जरा जास्त वेळ बोलली.

मोरूकाकांनी मान मागे घेऊन तिच्याकडे बघितलं. "ह्ये म्हणू?"

"घराचं सांगणं आहे, काका."

"बाय, सारा गाव हाय."

"म्हणूनच."

काकांनी तोंडातलं पान एका कडेला थुंकलं. पटका नीट केला. "घराचं सांगणं हाय म्हंजे म्हणायला लागंल," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "माझ्या बापानं कुणाचं बदललं नाय."

आणि त्यांनी सुरू केलं.

"हे आई जुगाई, वाडीच्या नि वेशीच्या, पाण्याच्या नि डोंगराच्या आई, तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी गोळा झाली हायेत."

"होय महाराजा," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या मागून सगळे.

ढोलाची थाप पडली.

"या घरची कर्ती बाय तुझ्यापुढं नारळ धरून उभी हाय."

"होय महाराजा." थाप.

"दर्यावर जाणाऱ्याला सुखानं घरी आण, बागेचा मोहर राखून ठेव."

"होय महाराजा." थाप.

आता गाव सैल झालं होतं. गाऱ्हाणं म्हणजे कानावरून जाणारं पाणी. बायका आपसांत बोलत होत्या, पोरं सरबताच्या पेल्यांकडे बघत होती, साहेब फोनवर बोट फिरवत होते. तोंडं मात्र आपलं काम करत होती. पिढ्यान् पिढ्या तोंडात बसलेलं ते, त्याला डोकं लागत नाही.

"हिची मावशी जनी, डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कडेनं जात व्हती."

"होय महाराजा." थाप. ही थाप किंचित उशिरा पडली.

"दत्तात्रेयाच्या अपूर्वनं तिच्या अंगावर गाडी घातली, नि मागं वळून नाय बघितलं."

"होय महाराजा," अण्णा म्हणाले.

"होय महाराजा," गाव म्हणालं.

आणि ढोल वाजला नाही.

एका थापेची ती जागा मोकळी राहिली आणि त्या मोकळ्या जागेत आपण काय म्हटलं ते गावाला ऐकू आलं. बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. साहेबांचं बोट फोनवर थांबलं. अण्णांचा हात दांडीवर होता तसाच राहिला आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. अपूर्वनं उंच धरलेला फोन हळूहळू खाली आणला.

मनिषाला हवं होतं ते हेच, निदान तिला तसं वाटलं होतं. देवीपुढे एकदा ते नाव उच्चारलं जावं, सगळ्यांच्या तोंडावर. "होय" कुणी म्हणेल अशी तिची अपेक्षासुद्धा नव्हती. पण ती आता अण्णांकडे बघत नव्हती, गावाकडे बघत नव्हती. ती सर्वेशकडे बघत होती. ज्यांना ठाऊक होतं आणि जे बहिरे झाले होते, ते सगळे सवयीनं होय म्हणून गेले. एकट्या सर्वेशचा हात हवेत थांबला. ऐकून न ऐकल्यासारखी थाप मारणं त्याला जमलं नाही. का जमलं नाही, ते तिला त्याच्या तोंडाकडे बघताच कळलं. हातातला नारळ तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

अण्णांनी घसा साफ केला. "मोरू, ही कुठली रीत? देवापुढे असले आरोप?" मग आंब्याखाली बघत म्हणाले, "साहेब, गाऱ्हाण्यात होय म्हणायची पद्धत असते. त्याला काही अर्थ नसतो."

"अण्णा," मनिषा म्हणाली. आवाज नेहमीचाच, बारीक. "अर्थ नसतो तर दरवर्षी तुमच्या घरी बागेसाठी कशाला म्हणवून घेता?"

कुणीतरी मागे खाकरलं. अण्णांनी दांडीवरचा हात उचलायला घेतला.

"हात काढू नका," मोरूकाका म्हणाले. "गाऱ्हाणं पुरं नाय झालं. थाप पडली नाय."

"ती पडायची नाही आज, काका," मनिषा म्हणाली आणि भावापाशी गेली. "सर्वा. कुठे आहे?"

"काय कुठे, ताई?"

"तू बदललास ते. तो बंपर, तो सायलेन्सर. माझ्याशी खोटं बोललास ते बोललास. मावशी तिथं बसली आहे, तिच्याकडे बघ आणि परत एकदा बोल. रत्नागिरीत केलं असेल म्हण."

सर्वेशनं बाजेकडे बघितलं. मग ढोलाच्या चामड्याकडे.

"अपूर्व म्हणाला, तू बसवलास सायलेन्सर, दिवे तू बसवलेस, तूच आत जाशील," तो म्हणाला. "म्हणाला, गॅरेज उद्या खाली कर."

"मी विचारलं कुठे आहे."

सर्वेशनं बोट वर केलं. पडवीच्या माळ्याकडे. जुनी जाळी गोळा करून ठेवली होती तिथे, वडिलांची. त्याच्या बरोबर खाली मावशीची बाज.

"इथं कोण शोधणार होतं," तो पुटपुटला. "पोलिसाच्या घरात."

गुणवंतीच्या हातातलं ओटीचं ताट वाजलं. तांदूळ सांडले. मावशीनं मान वर करून माळ्याकडे बघितलं, कौलांकडे, जाळ्यांकडे, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या डोक्यावर ठेवलंस रे, सर्वा? मला आपलं वाटायचं, उंदीर खुडबुडतायत."

हे ऐकल्यावर मनिषाला वाटलं आपण आता ओरडू. कधी नव्हे ते ओरडू, हा नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालू. भावाच्या घालू, अण्णांच्या घालू, आंब्याखाली सरबत पिणाऱ्याच्या घालू. तिनं डोळे मिटले, जुगाईचं नाव घेतलं आणि उघडले.

"साहेब," ती म्हणाली, "या. माळ्यावर आहे."

साहेब उठले, पण पुढे आले नाहीत. "मनिषा, सण आहे. पालखी बसलेली आहे. उद्या सकाळी ठाण्यात..."

"उद्या तुमचा अहवाल जाईल. बंदोबस्त आज संपतोय. तुम्हीच म्हणाला होता, कुणी एक जण आणून दे. आणला आहे. माझ्याच घरातला आहे, म्हणून मी हात लावणार नाही. पंचनामा तुम्ही करा."

"इथे?"

"मैदानात रोलर फिरवला तेव्हा कॅमेरेवाले बोलावले होते आपण. इथे सगळा गाव आहे. आणखी कोण हवं?"

खालच्या वाडीतला सखाराम, मनिषाच्या बापाबरोबर होडीवर जायचा तो, काही न विचारता शिडी घेऊन आला आणि भिंतीला लावली. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि जुगाईचा चांदीचा मुखवटा पण. शेवटी त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि आपल्या शिपायाला खूण केली.

शिपायानं जाळी बाजूला सारली. आधी सायलेन्सर खाली आला, मनगटासारखा जाड, चकचकीत. मग बंपर. डाव्या बाजूला फुटलेला. त्या फुटलेल्या फटीत काहीतरी चमकत होतं. साहेबांनी बोट लावून पाहिलं.

"रंग आहे का हा?"

"खवलं हायेत," गुणवंती दारातून म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "तारलीची. लुगड्याला लागली की धुतली तरी जात नाय." मग अपूर्वकडे बघून तिनं विचारलं, "बाळा, तुमच्याकडं तर सगळे शाकाहारी ना?"

कुणी हसलं नाही. अपूर्व गल्लीच्या तोंडाकडे सरकत होता. तिथं खालच्या वाडीतली दोन पोरं गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती. त्यातल्या एकाचा सायलेन्सर रोलरखाली गेलेला होता. ती हलली नाहीत. अपूर्व थांबला आणि बापाकडे बघायला लागला.

अण्णा म्हणाले, "मनिषा, पोर आहे. चुकलं असेल. जनीच्या औषधपाण्याचं मी बघतो सगळं. घरातलं घरात..."

"ती रस्त्यावर पडली होती, अण्णा, घरात नाही. तिथून तुमच्या घरापर्यंत येताना वाटेत किती माणसं आहेत? एकाला तरी हाक मारायची होती तुमच्या पोरानं. पाणी तरी पाजलं असतं कुणी तिला." तिचा आवाज फाटायला आला होता, तिनं तो आवरला. "काका, शेवटचा बोल परत म्हणा. थाप पडली नव्हती."

मोरूकाकांनी तिच्याकडे बघितलं, मग गावाकडे. या वेळी प्रत्येकाला ठाऊक होतं काय येणार ते. या वेळी तोंडाला डोकं लागणार होतं.

"दत्तात्रेयाच्या अपूर्वनं तिच्या अंगावर गाडी घातली," काका सावकाश म्हणाले, "नि मागं वळून नाय बघितलं."

पहिला होय मानकऱ्याचा. सगळे अण्णांच्या ओठांकडे बघत राहिले. अण्णांनी ओठ उघडले नाहीत.

"होय महाराजा," बाजेवरून मावशी म्हणाली.

बायकांनी गाऱ्हाण्यात पहिला होय म्हणायची रीत नव्हती. कुणी तिला अडवलं नाही.

"होय महाराजा," गुणवंती म्हणाली. मग सखाराम. मग खालची वाडी, एकेक करून, कुणी मोठ्यानं, कुणी खाली बघून. वरच्या वाडीतून बराच वेळ काही आलं नाही. मग तुळसाकाकूनं पदर तोंडावरून काढला. तिच्या शेजारी उभा असलेला मुकुल तिचा हात ओढत होता. तिनं तो सोडवून घेतला.

"होय महाराजा," ती म्हणाली, आणि साहेबांकडे वळून पुढे म्हणाली, "मी ऐकली होती गाडी. पाहिली पण होती. लिहून घ्या."

अण्णांनी दांडीवरचा हात काढला. गुरवानं सांगूनही काढला, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं.

मनिषा भावापुढे उभी राहिली. "वाजव," ती म्हणाली. "मग ढोल उतरव आणि साहेबांबरोबर जा. जे जे केलंस ते सगळं सांग. माझं नाव मध्ये आणू नकोस, मी येणार नाही सोडवायला."

"ताई..."

"वाजव, सर्वा."

थाप पडली. तशी थाप त्या अंगणात कधी पडली नव्हती, आणि चांगली होती असं कुणी म्हणालं नसतं. चामडं फाटतंय की काय असं वाटलं. मग सर्वेशनं ढोल गळ्यातून काढून मावशीच्या बाजेशेजारी ठेवला. तिच्या पायांना हात लावायला वाकला. तिनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो पाय तिला हलवता येत नव्हता. तो तसाच मागे सरला आणि जीपकडे चालू लागला. त्याच्या पुढे शिपायाबरोबर अपूर्व चालला होता, कपाळावरची भगवी पट्टी अजून तशीच.

मनिषानं पालखीत नारळ ठेवला. ओटी सांडलेली होती. गुणवंतीनं आतून दुसरे तांदूळ आणले. मोरूकाकांनी पोरांना खूण केली आणि मानकऱ्याची दांडी रिकामी होती तिथं सखारामला उभं केलं. पालखी उठली. ढोल नव्हता म्हणून मुलांनी नुसताच ताशा वाजवला.

सगळे गेल्यावर आईनं मनिषापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "घे गो. सुटला तुझा उपास."

मनिषानं तांब्या तोंडाला लावला आणि पुन्हा खाली ठेवला. आतला राग अजून होता तसाच होता. मावशी माळ्याकडे बघत होती, जाळी हलवली होती तिथली धूळ अजून खाली येत होती.

"मनू," मावशी म्हणाली, "माझी ती पाटी कुठं ठेवलीस?"

"मोडली ना ती, मावशी."

"तरी आण. बघू दे मला."

मनिषा उठली आणि मागल्या दारी पाटी आणायला गेली.